एंटर दोनदा दाबायचं

२ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीला आलेली रूपाली आज नागपूरला परत गेली. जाताना माझ्या फोनमध्ये नोंदी लिहायचं एक ॲप टाकून गेली. म्हणाली, "बाबा, रिटायर झाल्यापासून तुमी आईले दिवसभर सूचना देऊन राह्यले. त्या आता याच्यात लिहा."

मुलगी असून बापाला असं बोलते. पण लिहायला घेतलंय खरं. दारव्हा एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून माझी उमर गेली. मी भोंग्यावर "दिग्रसकडे जाणारी गाडी" म्हटलं की समोरच्या हॉटेलातला माणूस अर्धा समोसा बशीत टाकून उठायचा. आता घरात त्या आवाजाला गिऱ्हाईक नाही.

रूपालीनं आणखी एक सांगितलं, की फोनमध्ये लिहिलेलं घरच्या टॅबवरही आपोआप दिसतं. मला टॅबशी काय करायचं. त्याच्यावर माझी बायको नलू रेसिपी पाहते.

संध्याकाळी मंडळाची बैठक झाली. २१ डिसेंबरला आपल्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा आहे. अध्यक्ष धम्मरत्न गुरुजींनी विचारलं, यंदा परिचय पुस्तिका कोण तयार करणार? मागच्या वर्षीच्या डीटीपीवाल्यानं दुकान बंद करून मोमोचा ठेला टाकला आहे. सगळे चूप. कुठं शांतता झाली की घोषणा करायची माझी जुनी सवय. तोंडातून निघून गेलं, "मी करतो."

घरी आल्यावर नलूनं विचारलं, "तुमाले येते काय ते?"

"शिकतो," मी म्हणालो.

"मंग नीट शिका. यंदा संघर्षचं जमलंच पाह्यजे."

संघर्ष म्हणजे नलूच्या भावाचा मुलगा. भाऊ लवकर गेला, वहिनी त्याच्या मागोमाग गेली, तेव्हापासून तो आमच्याकडेच वाढला. आता लोहाऱ्याला एका कंपनीत फिटर आहे, तिकडेच खोली करून राहतो. पोरगा सोन्यासारखा, पण बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. आजवरच्या प्रत्येक मेळाव्यात स्टेजवर गेला, स्वतःचं नाव सांगितलं आणि खाली उतरला. एकदा तर अर्धंच नाव सांगून उतरला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

रूपालीनं फोनवर पहिला धडा दिला. कोडिंग वगैरे काही लागत नाही म्हणाली, फक्त खुणा लक्षात ठेवायच्या. ओळीच्या आधी हॅश द्यायचा, मग जागा सोडायची, मग लिहायचं. ती ओळ मोठी होऊन मथळा बनते.

हॅश म्हणजे कोणता ते मला समजेना. रूपाली म्हणाली, "बाबा, खाटेसारखं दिसते ते." ते सापडलं. खाट टाकली, पण जागा सोडायची राहिली, तर मथळाही झाला नाही आणि खाटही तिथंच पडून राहिली. मग जागा सोडली आणि "परिचय पुस्तिका" ही अक्षरं एकदम टम्म फुगली. मला फार बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र पटली नाही. एक खाट टाकली तर मथळा सगळ्यात मोठा, दोन टाकल्या तर लहान, तीन टाकल्या तर आणखी लहान. पोलिसाच्या बाहीवर फिती वाढल्या की माणूस मोठा होतो. इथं जितक्या जास्त खुणा तितकी इज्जत कमी. ज्यानं कोणी हे बनवलं त्यानं सरकारी नोकरी केलेली दिसत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

विशेष काही नाही. सकाळच्या पोह्यांवर लिंबू नव्हतं. बोललं की वाद होतो, म्हणून इथंच लिहून ठेवतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज पोह्यांसोबत लिंबाच्या दोन फोडी. योगायोग.

९ नोव्हेंबर, रविवार

आज चांदण्या शिकलो. शब्दाच्या आधी दोन चांदण्या आणि नंतर दोन चांदण्या दिल्या की शब्द ठळक होतो. चांदणी उघडली की बंद करायलाच पाहिजे, गाडीच्या दरवाजासारखं. नाहीतर चांदण्या तशाच कागदावर लोंबकळत राहतात.

मी उत्साहात नाव, गाव, शिक्षण, उंची, सगळंच ठळक करून रूपालीला पाठवलं. तिचा लगेच फोन आला.

"बाबा, सगळेच शब्द वरडले तं ऐकू कोनाचं येईन?"

स्टँडवर दोन फेरीवाले एकदम ओरडले की माझी घोषणा कोणाला ऐकू यायची नाही, ते आठवलं.

दुपारी शेजारचे पुंडलिकराव आले. त्यांना म्हैस विकायची आहे. म्हणाले, "धर्मपाल भाऊ, तुमी आता मोबाइलमंधी लिहून राह्यले म्हंते. माही जाहिरात लिहून द्या, ग्रुपवर टाकतो." मी आनंदानं बसलो. "म्हैस" हा शब्द मी सुरुवातीलाच लिहिला होता, तो त्यांनी काढायला लावला.

"फोटो टाकूनच राह्यलो ना. म्हैस हाय हे दिसतेच. शब्द कायले वाया घालवता?"

मग "विकणे आहे" इथून सुरुवात केली. जे अर्धवट काम असतं ते मी "ताजं" नावाच्या एका पानावर ठेवतो. तिथंच जाहिरात ठेवली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज मोठी फजिती झाली. आमच्या घराण्यात महत्त्वाच्या ओळीखाली रेघ मारायची पद्धत आहे. मी मंडळाच्या नियमांची एक ओळ लिहिली आणि लगेच तिच्याखाली बारीक बारीक रेघा ओढत गेलो. पाहतो तर ती ओळ खाट न टाकताच फुगली. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मंडळाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात आलं, "जेवणाचे कूपन हरवल्यास दुसरे मिळणार नाही."

रूपाली म्हणाली, ओळीला चिकटून खाली रेघा दिल्या की ॲप त्या ओळीला मथळाच समजतं. मधे एक ओळ रिकामी सोडली की मग ती नुसती आडवी रेघ होते. मी विचारलं, असं काहून? ती म्हणाली, असंच आहे. एसटीतही बऱ्याच गोष्टी अशाच होत्या, त्यामुळे मी पुढं ताणलं नाही.

आजकाल नलू टॅब घेऊन फार वेळ बसते. मी जवळ गेलो की पालथा ठेवते. विचारलं तर म्हणाली, "रेसिपी पाहून राह्यली." मला तेवढ्यात ओझरतं दिसलं, पुष्कळ चांदण्या होत्या आणि खाटाही होत्या. रेसिपीला लोक चांदण्या देतात हे मी ऐकलं आहे. ही बहुतेक नावाजलेली असावी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

या ॲपमध्ये काहीतरी अक्कल आहे. काल रागाच्या भरात मी एक वाक्य लिहिलं होतं, "नलूचा स्वभाव तापट आहे." आज उघडून पाहतो तर "तापट" या शब्दावर आडवी काट मारलेली आणि पुढं लिहिलेलं "स्पष्ट". काट मारायला दोन्ही बाजूंनी लाटेसारख्या खुणा लागतात. त्या मला अजून रूपालीनं शिकवलेल्याच नाहीत. म्हणजे ॲपनं स्वतःच केलं.

रूपालीला फोन लावला. "हे ॲप स्वभाव पन सुधरवते काय?"

ती पुष्कळ वेळ हसली. मग म्हणाली, "बाबा, ते हळूहळू शिकते. तुमी फक्त खरं खरं लिहित जा."

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. "स्पष्ट" हा शब्द जास्त बरोबर आहे, हे मान्य करावं लागेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

संघर्ष आला होता. नलूनं ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी आणि ज्वारीची भाकर केली. जेवण झाल्यावर मी फोन घेऊन त्याची माहिती लिहायला बसलो.

"नोकरीबद्दल काय लिहू?"

"आहे," तो म्हणाला.

"आवड?"

त्यानं पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता. "तसं काही नाही, मामाजी." आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडं मामाजीच म्हणतात.

"बरं, अपेक्षा?"

"काही नाही."

भांडी घासता घासता नलू आतून बोलली, "काही नाही लिहिशीन तं काहीच नाही भेटनार."

संघर्ष हसला, पण बोलला नाही. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "अरे, गेल्या उन्हाळ्यात शेजारच्याची मोटर तू रात्रभर बसून दुरुस्त केली, पैसे घेतले नाही, ते लिहू काय?" तो म्हणाला, "ते कायले लिहिता, मामाजी. थे तं कोनीही करते."

कोणीही करत नाही. पण पुस्तिकेत तसा रकाना नाही. शेवटी "अपेक्षा काही नाही" असंच लिहिलं.

जाताना नलू त्याला म्हणाली, "मी जिवंत हाय तोपर्यंत तुह्या घरात दिवा लावनारी आली पाह्यजे." तो गेल्यावर ती मागच्या दारात उभी राहून तुरीच्या शेंगा सोलत होती. एवढ्या शेंगांची आज काही गरज नव्हती.

३० नोव्हेंबर, रविवार

सगळ्या मुलामुलींची माहिती टाकून झाली. दुपारी मोठ्या आनंदानं वाचायच्या रूपात उघडून पाहिली. लिहिताना सगळ्या ओळी एकाखाली एक बसल्या होत्या. वाचताना सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडलेल्या, पहाटेच्या यवतमाळ गाडीसारख्या. नेरच्या एका मुलीच्या पुढं तिच्या वडिलांचा व्यवसाय जोडून "उंची पाच फूट दोन इंच निवृत्त तलाठी" असं झालं होतं.

रूपालीनं समजावलं, "बाबा, एंटर एकदा दाबला तं ॲप त्या दोन ओळींले एकच समजते. एंटर दोनदा दाबायचं. मधी एक ओळ कोरी पाह्यजे."

"म्हंजे एवढी जागा वाया घालवायची?"

"हो."

मन तयार होईना. आमच्या काळी कागदाच्या पाठीवरसुद्धा लिहायचो. तरी थोडं केलं, कंटाळा आला, झोपलो. उठून पाहतो तर सगळी पुस्तिका नीटनेटकी. प्रत्येकाच्या नावाला दोन खाटांचा मथळा, मधे कोरी ओळ, फक्त नाव ठळक. ॲप खरोखर शिकून राहिलं आहे. नलूला दाखवलं तर तिनं डोळे चोळत म्हटलं, "हो काय? कमाल हाय." तिचे डोळे लाल दिसत होते. टॅब फार पाहते.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी चौकात अभिवादन. आज दुसरं काही लिहायचं नाही.

१० डिसेंबर, बुधवार

नलू परवापासून यवतमाळला बहिणीकडे आहे. टॅबही घेऊन गेली. फोनवर कुरकुर करत होती, बहिणीकडे वायफाय नाही म्हणून. रेसिपीचं एवढं वेड बरं नाही.

सकाळी संघर्षचा फोन आला. तो लाइन इंचार्ज झाला. केवढी मोठी बातमी, आणि सांगितली अशी, जशी कोणाची चप्पल हरवली आहे. मी म्हटलं, पुस्तिकेत हे आलंच पाहिजे. तेवढ्यात धम्मरत्न गुरुजींचा फोन. "मनवर साहेब, आज छापखान्यात गेलं नाही तर मेळाव्याआधी हातात येणार नाही."

मी "ताजं" पानावर संघर्षची माहिती वरच्या बाजूला नव्यानं लिहिली, सगळी एकदम उचलली आणि पुस्तिकेत त्याच्या जुन्या माहितीच्या जागी नेऊन टाकली. वाचायच्या रूपात पाहायला वेळ नव्हता. फाइल पाठवून दिली. कोणाच्याही मदतीशिवाय.

आज ॲप जरा सुस्त आहे. माझी एकही चूक त्यानं सुधारली नाही. बहुतेक मीच चुका करणं बंद केलं असावं.

१६ डिसेंबर, मंगळवार

काय लिहू, पण लिहितो.

पुस्तिका परवाच छापून आल्या. गुरुजींनी गठ्ठे परस्पर स्टँडवरून उतरवले आणि नेर, दिग्रस, आर्णी, पुसद, सगळीकडे रवानाही केले. उरलेला एक गठ्ठा घेऊन ते आज घरी आले आणि एक पान उघडून माझ्यापुढं धरलं. त्यावर असं छापलं आहे:

"संघर्ष भीमराव रामटेके, वय एकतीस वर्षे, उंची पाच फूट सात इंच, आयटीआय फिटर, लोहारा येथे लाइन इंचार्ज, निर्व्यसनी, अपेक्षा काही नाही विकणे आहे दुसऱ्या वेताची, रंग काळा कुळकुळीत, शिंगं मागे वळलेली, दोन्ही वेळा भरपूर दूध, स्वभाव गरीब, लाथ मारत नाही, लहान मुलंही जवळ जाऊ शकतात, प्रत्यक्ष पाहून खात्री करावी, संपर्क पुंडलिकराव."

खाली पुंडलिकरावांचा नंबर. वर संघर्षचा फोटो, टाय लावलेला.

"ताजं" पानावरून मी उचललेल्या सगळ्यात म्हशीची जाहिरातही आली होती. दोन्हींच्या मधे मी एंटर एकदाच दाबला होता.

नलू सकाळीच यवतमाळहून परतली होती. तिनं गुरुजींच्या हातातून पुस्तिका घेतली, वाचली, पुन्हा वाचली. मला वाटलं, ओरडेल. पण ती स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं. संघर्षचा फोन बंद येतो.

दुपारी पुंडलिकराव तणतणत आले. "भाऊ, माह्या म्हशीचं वय एकतीस छापलं तुमी. आता कोन घेईन तिले?" शिवाय त्यांना सकाळपासून मुलींच्या वडिलांचे फोन चालू आहेत. एकानं विचारलं, स्थळ कसं आहे. पुंडलिकरावांना वाटलं गिऱ्हाईक आहे. ते म्हणाले, "दोर सोडून पाहा, कुठं पळत नाही." समोरच्यानं फोन ठेवला.

१७ डिसेंबर, बुधवार

नलू बोलत नाही. ताट वाढून ठेवते आणि आत जाते. भाजीत मीठ, तिखट सगळं बरोबर असतं. त्यानं जास्त वाईट वाटतं.

खरं खरं लिहित जा असं रूपाली म्हणाली होती, म्हणून लिहितो. मला पुस्तिकेशी काही घेणंदेणं नव्हतं. स्टँडवर होतो तेव्हा माझ्या एका शब्दावर माणसं धावायची. घरी बसल्यापासून मी काय बोलतो ते कोणाला ऐकूच येत नाही असं वाटायला लागलं. वाटलं, ही पुस्तिका चांगली झाली तर नलू एकदा तरी म्हणेल, छान केलं. तिनं संघर्षला पोटच्यासारखं वाढवलं. शाळेत असताना तो माझ्या केबिनमध्ये येऊन कोपऱ्यात बसायचा, कोणाला त्रास नको म्हणून भूक लागली तरी सांगायचा नाही. अशा पोराला मी भर समाजात शिंगं लावली.

तिची माफी मागायची आहे. तोंड उघडलं की आवाज येत नाही. ज्या माणसानं आयुष्यभर भोंग्यावर बोलून पैसे कमावले त्याची ही गत.

१८ डिसेंबर, गुरुवार

सकाळी उठलो तर उशाशी चहा. आलं घातलेला. नलू खुर्ची ओढून समोर बसली.

"संघर्षसोबत बोलली मी. येतो म्हंते रविवारी."

"रागावला काय?"

"नाही. त्याच्या कंपनीत सगळ्यांनी वाचलं. चार दिवसांत जेवढे लोक त्याच्यासंग बोलले तेवढे साऱ्या वर्षात नसन बोलले." मग पदराशी चाळा करत म्हणाली, "आनं एक सांगते. तुमचा आवाज मले अजून ऐकू येते. मी उत्तर देत नाही ते अलग."

ती उठून गेली. मी तसाच बसलो. नेमकं हेच तिला कसं सुचलं कोण जाणे. इतक्या वर्षांचा संसार, माणसं एकमेकांच्या मनातलं ओळखायला लागतात. चहा गार झाला तरी गोड लागला.

२० डिसेंबर, शनिवार

उद्या मेळावा. नलू कोणती साडी नेसावी म्हणून कपाटापुढं उभी होती. ती निळी तिला फार शोभते. तोंडावर असं सांगायची मला सवय नाही.

२१ डिसेंबर, रविवार

सगळं सविस्तर लिहितो.

नलू निळी साडी नेसली होती. कपाटात वरच असावी.

सभागृह गच्च भरलं होतं. आत शिरताच दिसलं की सगळ्यांच्या पुस्तिका एकाच पानावर उघडलेल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या सरांचा घसा बसला होता, म्हणून गुरुजींनी माइक माझ्या हातात दिला. मी आधी नको म्हणालो. नलू पहिल्या रांगेतून म्हणाली, "घ्या ना." घेतला. पहिलं नाव पुकारलं आणि मागच्या गेटजवळ चहा पिणारी माणसं आत आली. तो आवाज अजून आहे.

मग संघर्षचं नाव आलं. मी पुकारलं. तो स्टेजवर चढला तेव्हा मागून कोणीतरी हंबरलं आणि सगळं सभागृह हसलं. मला वाटलं, आता हा उतरणार. तो उतरला नाही. हात मागं बांधून उभा राहिला.

मुलींच्या बाजूनं एक उंचशी मुलगी उठली. तिनं पुस्तिका हातात धरली होती. "मी निकिता. दिग्रसजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. मले या परिचयाबद्दल दोन प्रश्न विचारायचे हायेत."

हशा थांबला. लोकांनी माना पुढं काढल्या.

"लाथ मारत नाही असं लिहिलं हाय. हे कोनाबद्दल?"

संघर्षनं माइककडे पाहिलं, मग तिच्याकडे. "म्हशीचं मले माहीत नाही," तो म्हणाला. "मी नाही मारत."

"दोन्ही वेळा भरपूर दूध?"

"मी घेतो. चहात."

"आनं अपेक्षा काही नाही, हे म्हशीचं की तुमचं?"

त्यानं वर पंख्याकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, झालं. पण तो बोलला. "माहं हाय. पन खोटं हाय ते. मामाजींनी विचारलं तेव्हा सांगाची लाज वाटली. मले घरी आल्यावर कोनी तरी बोलनारं पाह्यजे. मी कमी बोलतो, म्हणून समोरच्यानं जास्त बोललं तं बरं."

निकिता खाली बसत म्हणाली, "ते काही कठीन नाही."

सभागृहात टाळ्या पडल्या. नलूनं डोळ्याला पदर लावला. मी पुढचं नाव पुकारायचं विसरलो. गुरुजींनी ढोसलं तेव्हा पुकारलं, तेही चुकीचं.

२८ डिसेंबर, रविवार

निकिता आईवडिलांना घेऊन दारव्ह्याला आली. निमित्त म्हैस पाहण्याचं. सोबत नलू, मी, संघर्ष, सगळे पुंडलिकरावांच्या गोठ्यात.

निकितानं म्हशीच्या तोंडात हात घालून दात पाहिले. म्हणाली, "पुंडलिकराव, हे दुसरं वेत नाही. चौथं हाय." पुंडलिकराव माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "लिहिनारानं चूक केली." मी सहन केलं.

मग तिनं संघर्षला दोर धरायला सांगितलं आणि कास पाहायला वाकली. म्हशीनं मान हलवली, शेपटी उडवली आणि मागचा पाय झाडला. निकिता सरावानं बाजूला झाली. लाथ संघर्षच्या पोटरीवर बसली. तो पांढराफटक पडला, पण त्यानं दोर सोडला नाही. सोडला असता तर म्हैस तिच्या अंगावर गेली असती. "तुमी आधी बाहेर व्हा," एवढंच म्हणाला.

निकिता बाहेर आली. त्याची पँट गुडघ्यापर्यंत वर करून तिनं पाय दाबून पाहिला. हाड शाबूत होतं. तिनं बॅगेतून मलम काढलं, डबीवर बैलाचं चित्र होतं. "चालते मानसालेही," म्हणाली. मग आपल्या वडिलांकडे वळून बोलली, "बाबा, म्हशीचं खोटं निघालं. पोराचं खरं निघालं."

तिचे वडील संघर्षजवळ जाऊन म्हणाले, "बसा, बसा, उभे राहू नका." जावयालाच कोणी असं म्हणतं. नलू घरात चहा करायला पळाली, इतकी घाईनं की गोठ्यात चप्पल सोडून गेली.

११ जानेवारी, रविवार

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा झाला. बुद्धवंदना, पेढे, जेवण. संघर्ष थोडा लंगडतो, पण बोलायला लागला आहे. निकिताच्या मावशीला त्यानं मशीनचा बेल्ट कसा बदलतात ते समजावून सांगितलं. तिनं विचारलं नव्हतं.

म्हैस निकिताच्या ओळखीच्या शेतकऱ्यानं घेतली, सगळं खरं सांगून. पुंडलिकराव आता म्हणतात की जाहिरात बरी होती.

१४ जानेवारी, बुधवार

मंगल परिणयाची पत्रिका करायची आहे. नलू म्हणाली, "ही मी लिहिते. मले शिकवा."

मला आनंद झाला. दुपारी टॅब घेऊन तिला शेजारी बसवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. खाट कशी टाकायची, जागा का सोडायची, चांदण्या का बंद करायच्या. ती मन लावून ऐकत होती. मधे मधे "हो काय" म्हणायची. आणि काय सांगू, हातात घेतल्यावर तिनं अख्खी पत्रिका झरझर लिहून काढली. मथळे जागेवर, नावं ठळक, कुठं एक चूक नाही. काट मारायची लाट मी शिकवलीच नव्हती, तीही तिनं एका ठिकाणी मारली आणि माझ्या नावामागचं "साहेब" उडवून टाकलं.

मी म्हणालो, "नलू, छान केलं."

तिनं टॅबची काच पदरानं पुसली. मग म्हणाली, "शिकवनारा चांगला भेटला."

आमच्या विभागात मी कितीतरी नवीन कंडक्टर तयार केले, पण एवढ्या लवकर शिकलेला माणूस पाहिला नाही. रूपालीला लगेच फोन लावून सांगितलं की तुझी आई एका दुपारात सगळं शिकली, मी शिकवलं. फोनमधून नुसता खोकल्यासारखा आवाज येत होता. तिकडं थंडी फार आहे म्हणतात.